मागे लागायचं तर नीट लागा: ‘पाठलाग’ सोडून बाकीचे शब्द कधी वापरायचे

सबटायटलचं काम मला पहिल्यांदा मिळालं तेव्हाची गोष्ट. सीन असा की आई हातात ताट घेऊन तीन वर्षांच्या पोरामागे घरभर फिरतेय आणि फोनवर बहिणीला सांगतेय की सकाळपासून हेच चाललंय. इंग्रजीत ‘चेस’ होतं, मी बिनधास्त टाईप केलं, ‘मी सकाळपासून या मुलाचा पाठलाग करतेय.’ तपासणाऱ्या ताईंचा रिप्लाय एका ओळीचा आला, ‘काय केलंय त्या पोराने, दरोडा टाकलाय का?’

तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबतो. आता उलट झालंय, नवीन मुलामुलींचं लिखाण माझ्याकडे तपासायला येतं आणि त्यात स्वप्नांचा पाठलाग असतो, करिअरचा पाठलाग असतो, एकदा तर ‘सध्या ती पदवीचा पाठलाग करत आहे’ असंही आलं होतं. इंग्रजीत डिग्रीसुद्धा ‘पर्स्यू’ करतात हे ठीक आहे, पण मराठीत ती बिचारी पदवी काही पळून जात नाही, मराठीत माणूस सरळ ‘एमए करतोय’ किंवा ‘एमएला आहे’.

म्हणून हे लिहितोय, जे नवीन आहेत, भाषांतर, बातम्या, ब्लॉग, जाहिराती काहीही लिहितात त्यांच्यासाठी. शब्दांची यादी पाठ करून काही होत नाही, यादी कोशात आहेच, कुठला शब्द कुठे बसतो ते कळायला पाहिजे.

पायरी १: पुढचा पळतोय का, ते आधी बघा

वाक्य लिहिण्याआधी डोळ्यासमोर दोघांना उभं करा. एक पुढे, एक मागे. पुढचा पळतोय का? पळत असेल, म्हणजे त्याला माहितीये की मागे कुणीतरी आहे आणि त्याला सापडायचं नाहीये, तर ‘पाठलाग’ बरोबर. चोर पळतो, पोलीस पाठलाग करतात. आपल्या पेपरांना तर हा शब्द एवढा आवडतो की साध्या बाईकवाल्याला पकडलं तरी ‘सिनेस्टाईल पाठलाग करून’ पकडलं जातं. (कृपा करून तुम्ही ‘सिनेस्टाईल’ लिहू नका, खूप झालंय.)

पुढचा नुसता चालत असेल आणि त्याला पत्ताच नसेल तर पाठलाग म्हणण्यापेक्षा ‘मागावर असणं’ किंवा ‘पाळत ठेवणं’ जास्त नेमकं. पाळत ठेवणारा धावत नाही, चहाच्या टपरीवर बसून पेपर वाचायचं नाटक करतो. आणि पुढचा पळतच नसेल, एका जागी बसलेला असेल, म्हणजे साहेब, सरकारी ऑफिस, नोकरी, मुलीचे वडील असं काही, तर पाठलाग अजिबात नाही, त्याचे शब्द वेगळे आहेत, खाली येतीलच.

याला एक मोठा अपवाद म्हणजे क्रिकेट. धावांचं लक्ष्य काही पळत नाही, फळ्यावर लिहिलेलं असतं, तरी ‘धावांचा पाठलाग’ हे आता इतकं रुळलंय की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. २ एप्रिल २०११ ला वर्ल्डकप फायनलमध्ये वानखेडेवर २७५ धावांचं लक्ष्य होतं, सेहवाग दुसऱ्याच बॉलला शून्यावर गेला, मग गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१, हे सगळं ‘पाठलाग’ शब्दाशिवाय सांगून बघा, जमेल पण गंमत जाईल. तेव्हा क्रिकेटमध्ये खुशाल वापरा.

आणि खरा पाठलाग ज्या खेळात आहे तो खो-खो, तिथे आपण हा शब्द फारसा वापरतच नाही! आठ जण एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले, नववा मागे धावतोय, त्याला मधली रेषा ओलांडायची नाही, एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत उलट फिरायचं नाही, म्हणून तर ‘खो’ द्यावा लागतो. तिथे ‘पळणारा’ आणि ‘मारणारा’, ‘गडी बाद केला’, ‘खांबावर सूर मारला’ हे शब्द येतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला, आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. खो-खोवर लिहायचं असेल तर मैदानावरचे शब्द आधी ऐका.

पायरी २: ‘मागे लागणे’ हा शब्द पक्का करा, ऐंशी टक्के काम तिथेच होतं

ऐंशी टक्के हे माझं अंदाजपंचे आहे, पण खरंच, हा एक वाक्प्रचार नीट आला की बाकीचे नखरे नंतर शिकता येतात. कुत्रं मागे लागतं, म्हणजे खरोखर धावतं. आई लग्नासाठी मागे लागते, म्हणजे ती सोफ्यावर बसलेलीच असते पण रोज विषय काढते. पैशाच्या मागे लागला, म्हणजे आयुष्यभराची दिशाच ती. आणि आजारपण मागे लागलं, म्हणजे इथे मागे लागणारा माणूसच नाही, नशीब आहे.

जोर वाढवायचा असेल तर ‘हात धुवून मागे लागणे’. हे कुणाचं तरी वाईट करायच्या इराद्याने किंवा अति चिकाटीने लागलेल्यासाठी. ‘सासूबाई हात धुवून मागे लागल्या’ ठीक, पण ‘शिक्षक हात धुवून माझ्या मागे लागले म्हणून मी पास झालो’ यात थोडी थट्टा येते, हवी असेल तरच ठेवा. ‘पिच्छा पुरवणे’ म्हणजे शेवटपर्यंत, समोरचा कंटाळून हो म्हणेपर्यंत. आणि सुटका झाली की ‘पिच्छा सुटला’. ही जोडी लक्षात ठेवा, कारण पाठलाग ‘सुटत’ नाही, पाठलाग ‘थांबतो’ किंवा ‘सोडून देतात’, पण पिच्छा मात्र सुटतो, एखाद्या चिकटलेल्या गोष्टीसारखा.

लहान मुलं मोठ्यांच्या मागे लागतात त्याला मराठीने खास शब्द ठेवलेत आणि नवीन लोक ते वापरतच नाहीत म्हणून जरा तपशिलात सांगतो. ‘टुमणं लावणं’ म्हणजे एकाच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा, सायकल पाहिजे, सायकल पाहिजे. ‘धोशा लावणं’ त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात, समोरच्याला दुसरं काही सुचू नये असा. ‘भुणभुण’ कानाशी, हळू, डासासारखी, आणि ती मोठी माणसंही करतात. ‘लकडा लावणं’ यात घाई असते, आत्ताच्या आत्ता पाहिजे. आमच्या शेजारची छोटी परवा पाच मिनिटांत चारही करून दाखवत होती, सुरुवात भुणभुणीने, शेवट लकड्याने, आणि मग तिच्या बाबांचा मोबाईल तिला मिळालाच.

पायरी ३: दिशा उलटी करून बघा

ही पायरी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आणि इंग्रजीतून आलेली माणसं इथेच अडकतात.

मोठ्या गोष्टींच्या बाबतीत, म्हणजे स्वप्न, कला, देव, प्रेम, मराठी माणूस त्यांच्या मागे धावत नाही, त्या गोष्टीच माणसाला येऊन लागतात. बघा: मला गाण्याचा नाद लागला. तिला डॉक्टर व्हायचा ध्यास लागला. त्याला गडकिल्ल्यांचं वेड लागलं. आषाढ जवळ आला की गावाला वारीचे वेध लागतात. सगळीकडे ‘मला’, ‘तिला’, ‘त्याला’, आणि क्रियापद ‘लागणे’. करणारा कुणीच नाही, माणसावर ते होतं, ताप यावा तसं.

म्हणून ‘मी माझ्या स्वप्नांचा पाठलाग केला’ हे वाक्य व्याकरणात बसत असलं तरी कानाला उपरं लागतं. ‘मला एकच ध्यास होता’ म्हणा, ‘डोक्यात तेच एक खूळ होतं’ म्हणा. स्वतः ठरवून केलं हे दाखवायचंच असेल तर ‘ध्यास घेतला’ आहे की, ‘लागला’ आणि ‘घेतला’ एवढ्या बदलात काम होतं.

यातला प्रत्येक शब्द सारखा नाही मात्र. ‘छंद’ निरुपद्रवी, पोस्टाची तिकिटं जमवणं वगैरे. ‘नाद’ दोन्हीकडे झुकतो, भजनाचा नाद चांगला, पत्त्यांचा नाद वाईट, आणि ‘नादी लागणं’ म्हटलं की हमखास वाईटच, कारण तिथे एखादा माणूस किंवा सवय तुम्हाला ओढून नेते. ‘माझ्या नादी लागू नकोस’ ही तर उघड धमकी, त्यात मागे लागण्याचा काही संबंध नाही. ‘सोस’ म्हणजे झेपत नसताना केलेली हौस, दागिन्यांचा सोस, मोठेपणाचा सोस. ‘हव्यास’ त्याच्या पुढचा, यात पोट भरतच नाही. ‘हाव’ तर सरळ शिवी.

‘वेध’ जरा वेगळा आहे. ग्रहण लागायच्या आधीच वेध सुरू होतात, पंचांगाप्रमाणे सूर्यग्रहणाचे चार प्रहर आधी आणि चंद्रग्रहणाचे तीन प्रहर आधी. म्हणजे गोष्ट अजून आलेली नाही पण तिचा परिणाम सुरू झालाय. म्हणून सुट्टीचे वेध, निवडणुकीचे वेध, लग्नाचे वेध बरोबर, पण जी गोष्ट येणार की नाही हेच नक्की नाही तिचे वेध लागत नाहीत. ‘लॉटरीचे वेध लागले’ असं कुणी लिहिलं की मी खोडतो, तिथे ‘आस लागली’ चालेल. आणि ‘वेध घेणे’ हे परत निराळं, नेम धरणं किंवा आढावा घेणं.

वाईट गोष्टींनाही ही उलटी दिशा लागू. शुक्लकाष्ठ मागे लागतं, झेंगट मागे लागतं, साडेसाती मागे लागते (शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो, तीन राशी म्हणून साडेसात). इथे पळणारा माणूस पुढे आणि बाकी सगळं जग मागे.

पायरी ४: पैसा, काम, सरकारी ऑफिस

आता पुढचा हलत नाही पण तुम्ही मात्र हेलपाटे घालताय, अशी अवस्था. आपल्याकडे या विषयावर शब्द भरपूर असणारच, अनुभवच तेवढा आहे.

उधारी वसूल करायची असेल तर ‘तगादा’. हा मूळ अरबी शब्द, हिंदी-उर्दूत ‘तकाजा’ आहे तोच. तगादा फक्त मागणाऱ्याच्या हक्काचा असतो, म्हणजे त्याचं खरंच काहीतरी तुमच्याकडे अडकलेलं असतं. म्हणून ‘भिकाऱ्याने तगादा लावला’ बरोबर वाटत नाही, ‘वाण्याने तगादा लावला’ बरोबर. पूर्वी तगादा नुसत्या बोलण्याचा नसायचा, सावकार किंवा पगार थकलेला शिपाई देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा आणि घरातल्यांनाही जेवता यायचं नाही, त्याला ‘धरणं धरून बसणं’ म्हणायचे. ही गोष्ट इतकी पक्की होती की १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ च्या खाली उदाहरण म्हणून चक्क धरणं धरून बसणारा माणूस दिला होता, की त्याच्या बसण्याने समोरच्यावर देवाचा कोप होईल असं भासवणं हा गुन्हा. आज ‘धरणे आंदोलन’ म्हणतो ते त्याच शब्दाचं नातवंड, फक्त आता दार मंत्रालयाचं.

मग ‘ससेमिरा’. चौकशीचा ससेमिरा, पोलिसांचा ससेमिरा, पत्रकारांचा ससेमिरा. बऱ्याच जणांना वाटतं यात ससा आहे, शिकारी कुत्री सशाच्या मागे वगैरे. ससा नाहीये. ही चार अक्षरं आहेत, स, से, मि, रा. सिंहासन बत्तिशीच्या संस्कृत कथांमध्ये गोष्ट येते की एक राजपुत्र जंगलात वाघाच्या भीतीने झाडावर चढतो, वर एक अस्वल असतं, ते त्याला आसरा देतं, मांडीवर झोपू देतं, आणि हा मात्र अस्वल झोपलं की त्यालाच खाली ढकलायला जातो. अस्वल सावरतं आणि शाप देतं. राजपुत्राला वेड लागतं आणि तो दिवसरात्र ‘ससेमिरा, ससेमिरा’ एवढंच बडबडत फिरतो. पुढे एक विद्वान पडद्याआडून चार श्लोक म्हणतो, पहिला ‘स’ने सुरू होणारा, दुसरा ‘से’ने, असे, पहिले तीन विश्वासघाताबद्दल. पहिला श्लोक झाला की राजपुत्र ‘सेमिरा’ म्हणायला लागतो, दुसऱ्यानंतर ‘मिरा’, मग नुसतं ‘रा’, आणि चौथ्यानंतर बरा होतो. म्हणजे न थांबणारी बडबड, तीच ती कटकट, असा हा शब्द आपल्याकडे आला आणि ‘मागे’ लागला. एकदा ही गोष्ट कळली की हा शब्द कुठे वापरायचा ते सांगावं लागत नाही: ज्यात तेच तेच पुन्हा पुन्हा आहे आणि समोरचा जेरीस आलाय. एकदाच झालेल्या चौकशीला ससेमिरा म्हणू नका.

ऑफिसच्या मेलमध्ये ‘फॉलोअप’ सर्रास चालतो आणि चालू दे, त्याला ‘पाठपुरावा’ हा तितकाच चांगला शब्द आहे. पाठपुरावा सभ्य आहे, त्यात चिकाटी आहे पण त्रास नाही. नगरसेवक रस्त्यासाठी पाठपुरावा करतात (निदान फ्लेक्सवर तरी), आणि तुम्ही क्लायंटकडे बिलासाठी पाठपुरावा करता. क्लायंटला लिहिताना ‘तगादा’ वापरू नका, स्वतःच्या मित्राला सांगताना मात्र ‘दोन महिने तगादा लावलाय तेव्हा अर्धे पैसे आले’ हेच म्हणा. मी स्वतः एका ठिकाणी अकरा हजारांसाठी सात महिने ‘नम्र पाठपुरावा’ केला, आठव्या महिन्यात फोनवर जरा आवाज चढवला, पैसे तिसऱ्या दिवशी आले, असो.

प्रत्यक्ष चकरा माराव्या लागल्या की शब्द बदलतात. ‘हेलपाटे’ म्हणजे काम न होता परत येणं, त्यात पाय दुखतात. ‘उंबरठे झिजवणे’ यात वेगवेगळी दारं, ‘जोडे झिजवणे’ यात तुमचं नुकसान. ‘खेटे घालणे’ मला सगळ्यांत आवडतो, कारण कोल्हापूरकडे खेटा ही रडगाण्याची गोष्टच नाही, माघ महिन्यातल्या रविवारी लोक पहाटे अनवाणी जोतिबाच्या डोंगरावर चालत जातात, त्यांना जोतिबाचे खेटे म्हणतात. तेच खेटे तहसीलदार ऑफिसला घातले की मात्र वाक्य कडवट होतं. म्हणून कोल्हापूरच्या वाचकांसाठी लिहिताना भान ठेवा, दोन्ही अर्थ एकदम डोळ्यासमोर येतात, आणि ते मुद्दाम केलं तर मजाच आहे.

पायरी ५: ‘माग’ काढायला शिका

माग म्हणजे पावलांची खूण. याच घराण्यातले मागावर असणे, माग काढणे, मागोवा, मागमूस, आणि तुम्ही म्हणाल कुठला कुठला संबंध जोडतोय पण ‘मागणे’ हेसुद्धा. संस्कृतात ‘मार्ग’च्या धातूचा अर्थ शोधणं असा आहे, त्यावरून शोधायला गेलेला हळूहळू मागायला लागला असं दिसतं.

जुन्या काळी गावात चोरी झाली की गावचा पहारेकरी, बऱ्याच गावांत रामोशी, चोराचा माग काढायचा. तो माग गावाच्या शिवेपर्यंत नेऊन शेजारच्या गावाला दाखवला की जबाबदारी त्या गावाची, मग त्यांनी तो पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा, आणि जिथे माग हरवला ते गाव अडचणीत. एवढं ऐकल्यावर ‘माग लागला’ आणि ‘पाठलाग केला’ यातला फरक सांगायला नको. माग काढताना चोर कधीच निघून गेलेला असतो, समोर फक्त खुणा असतात. म्हणून सायबर पोलीस आयपी ॲड्रेसवरून ‘माग काढतात’ हे अगदी बरोबर, तिथे ‘पाठलाग’ चुकीचा. माग काढून हाती काही लागलं तर ‘सुगावा लागला’, सगळं उलगडलं तर ‘छडा लागला’. काहीच नाही मिळालं तर ‘मागमूस नाही’, आणि हा शब्द नेहमी नकारातच येतो, ‘मागमूस सापडला’ असं कुणी म्हणत नाही.

‘मागोवा’ मात्र आता चोरांच्या कामाचा राहिला नाही, तो संपादकांनी पळवला. वर्षाचा मागोवा, चळवळीचा मागोवा, म्हणजे मागे वळून आढावा.

जंगलावर लिहिणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना. वाघ लांबवर पाठलाग करत नाही, तो दबा धरतो, दबकत जवळ जातो आणि झडप घालतो. लांब पाठलाग करणारे म्हणजे रानकुत्रे, कोळसुंदे म्हणतात ते, कळपाने सांबराला दमवतात. ताडोब्याचा ब्लॉग लिहिताना ‘वाघिणीने दोन किलोमीटर हरणाचा पाठलाग केला’ असं लिहिलं तर गाईड लोक हसतील.

पायरी ६: प्रेमात काय म्हणायचं

इथे थोडक्यात, पण नीट वाचा. कॉलेजच्या भाषेत ‘मागे आहे’, ‘लाईन मारतो’, ‘मागे-मागे करतो’, जुन्या पिढीत ‘गोंडा घोळतो’ (कुत्र्याच्या शेपटीवरून, म्हणून यात लाचारी आहे), पुस्तकी भाषेत ‘प्रियाराधन’. हे सगळं तोवरच जोवर समोरच्या व्यक्तीची ना नाही. ती नको म्हणतेय आणि हा तरी रोज क्लासबाहेर उभा, तर ते गोड शब्दांत लिहू नका. २०१३ पासून तो कायद्याने वेगळा गुन्हा आहे, आधी दंड संहितेत कलम ३५४ ड होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७८. तिथे ‘पाठलाग’ हाच बरोबर शब्द, कारण पहिल्या पायरीतला नियम आठवा, पुढची व्यक्ती सुटायला बघतेय.

पायरी ७: नात्यातले वाटणारे पण नसलेले

हे नुसते नजरेखालून घाला. ‘पाठोपाठ’ आणि ‘मागोमाग’ म्हणजे एकानंतर एक, त्यात कुणी कुणाला पकडत नाही. ‘पाठराखण’ म्हणजे बाजू घेणं, ‘पाठीशी घालणं’ म्हणजे चूक झाकणं, ‘पाठीशी उभं राहणं’ म्हणजे आधार, आणि ‘पाठीस लागणं’ म्हणजे छळ, चौघांत पाठ एकच पण अर्थ चार दिशांना. ‘कोर्टात धाव घेतली’ यात माणूस कोर्टाच्या मागे लागलेला नाही, आसऱ्याला गेलाय. ‘धावून जाणे’ तर फारच धोकादायक, मदतीला धावून गेला की अंगावर धावून गेला हे आधी लिहा, नाहीतर शेजाऱ्यांमध्ये भांडणं लागतील.

आणि म्हणीत हात घालायचा असेल तर ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं’ ही एकच म्हण अशी आहे की जी आजही कुठल्याही वाक्यात बसते, नोकरी बदलणाऱ्यापासून शेअर मार्केटवाल्यापर्यंत. ‘मृगजळामागे धावणे’ वापरून वापरून गुळगुळीत झालंय. त्यापेक्षा सोन्याच्या हरणाची आठवण काढा, पंचवटीत जन्मलेल्या आमच्या आजीला कुणी सेलच्या मागे धावताना दिसलं की ती म्हणायची, ‘गेली बाई मारीचामागे’, तेवढ्यात सगळं यायचं.

पायरी ८: बोलणारा कुठला आहे

संवाद लिहिताना हे लागतं. मुंबईत आणि कोकणात ‘पाठी लागला’, ‘पाठीमागून आला’ सहज येतं. पुण्या-साताऱ्याकडे ‘मागं लागला’. वऱ्हाडात ‘मांगं लागला’. गोव्यात कोंकणी बोलणारा ‘फाटल्यान’ म्हणेल. तेव्हा नागपूरच्या पात्राच्या तोंडी ‘पाठी’ आलं की वाचकाला खडा लागतो. प्रमाणभाषेत लिहिताना ‘मागे’ ठेवा, काही बिघडत नाही.

शंका आली तर मोल्सवर्थ उघडा, त्याचा कोश १८३१ चा, १८५७ ची दुसरी आवृत्ती वाढवलेली, नेटवर फुकट शोधता येतो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. पण कोशात अर्थ मिळेल, वजन नाही मिळणार. वजनासाठी वाक्य मोठ्याने वाचा, आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला ऐकवा. ते हसले तर शब्द बदला.

आता हात बसवायला

खालची वाक्यं माझ्याकडे आलेल्या लिखाणातल्यासारखीच आहेत. आधी स्वतः दुरुस्त करा, मग पुढचं बघा.

‘बँक कर्जासाठी त्याचा पाठलाग करत होती.’ बँक धावत नाही आणि तिचा हक्क आहे, म्हणून: बँकेने हप्त्यांसाठी तगादा लावला होता.

‘लहानपणापासून तिने नृत्याचा पाठलाग केला.’ दिशा उलटी: लहानपणापासून तिला नाचाचं वेड.

‘पत्रकारांनी मंत्र्याचा पाठपुरावा केला.’ पाठपुरावा विषयाचा होतो, माणसाचा नाही. पत्रकारांनी प्रकरणाचा पाठपुरावा केला, किंवा मंत्र्याचा पिच्छा पुरवला, तुम्हाला काय म्हणायचंय त्यावर.

‘रेशनकार्डासाठी आजोबा कार्यालयाच्या मागे धावले.’ ऑफिस जागेवरच आहे: रेशनकार्डासाठी आजोबांनी खेटे घातले. पाच की पन्नास, तो आकडाही लिहा, वाक्य जिवंत होतं.

आणि ताटवाली आई. ताईंनी शेवटी जे करून दिलं ते असं होतं: ‘अगं, सकाळपासून ताट घेऊन याच्या मागे-मागे हिंडतेय, चार घास गेले असतील पोटात.’ दुसरं अर्ध वाक्य मूळ स्क्रिप्टमध्ये नव्हतंच, मी तसं म्हटलंही त्यांना. त्या म्हणाल्या, ‘आई फोनवर आहे ना? मग ती ते म्हणणारच.’